शब्द गेले, हसू राहिले

वाईच्या एस.टी. स्थानकावरील ध्वनिक्षेपकातून एके काळी जो आवाज येत असे, तो तालुक्यातील लहानथोरांच्या परिचयाचा होता. 'फलाट क्रमांक दोनवर उभी असलेली वाई–महाबळेश्वर, मार्गे पाचगणी...' ही वाक्ये तेथील वाहतूक नियंत्रक अशा काही ठेक्यात उच्चारीत की शाळकरी मुले त्यांची नक्कल करीत, आणि गाडीवरची पाटी वाचता न येणारी म्हातारी माणसे केवळ त्या आवाजाच्या भरवशावर गाडीत चढत. २००९ साली ते निवृत्त झाले. पुढे रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी महिन्यातून एकदा माझ्या दवाखान्यात येऊ लागले. सारे गाव त्यांना काका म्हणे, मीही काकाच म्हणत असे. त्यांचे नाव येथे देत नाही. काकूंच्या संमतीने हे लिहीत आहे.

२०१५ च्या सुरुवातीला एकदा काकू त्यांच्याबरोबर आल्या. म्हणाल्या, "डॉक्टर, हे हल्ली बोलताना अडखळतात. परवा तांब्या हवा होता, तर 'ते... ते पाण्याचं' असं म्हणाले." काका कसनुसे हसले. त्यांचे वय तेव्हा चौसष्टच्या आसपास होते. मी हसून म्हणालो, "वयोमानाप्रमाणे होतं असं, काकू. मला तर पन्नाशीच्या आतच रुग्णांची नावं आठवेनाशी झाली आहेत." रक्त तपासले. ब-१२ जीवनसत्त्व थोडे कमी निघाले. त्याची इंजेक्शने दिली आणि मनातून तो विषय काढून टाकला.

सहा महिन्यांनी काकांचे बोलणे आणखी कमी झाले. कृष्णेच्या घाटावर संध्याकाळी जमणाऱ्या मित्रांत ते जाईनासे झाले. पुण्याहून मुलाचा फोन आला की रिसीव्हर काकूंच्या हाती देऊन उठून जात. मी याला निवृत्तीनंतरचे औदासीन्य समजलो आणि त्यावरची एक गोळी सुरू केली. काकूंना सांगितले, "यांना जरा माणसांत न्या, बोलतं करा." त्या माउलीने ते इमानाने केले. परिणाम उलटाच झाला. माणसांत गेले की काका अधिकच गप्प होत आणि घरी येऊन चिडत.

दीड वर्ष असे गेले. माझी चूक अखेर मला दाखवून दिली ती एका विनोदी नटाने. तो इंग्लंडमधला, वाई नावाचे गाव त्याला ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते. त्याची आणि माझी ओळख मात्र जुनी होती.

मिरजेच्या वसतिगृहातील ओळख

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी मिरजेला वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होतो. आमच्यापैकी एकाचे थोरले बंधू इंग्लंडमध्ये नोकरीला होते. त्यांनी पाठवलेल्या काही व्हिडिओ कॅसेट घेऊन तो एके दिवशी आला. वर्गणी काढून आम्ही रात्रीपुरता व्हीसीआर भाड्याने आणला आणि एका खोलीत पंधरा जण दाटीवाटीने बसलो. इंग्रजी अर्धेच कळत होते. तरीही एका दृश्याला आम्ही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. एक अवाढव्य गृहस्थ हॉटेलात येतो, तेथील सारे पदार्थ फस्त करतो, आणि शेवटी वाढप्याने आग्रह करून दिलेली पापडासारखी पातळ मिंटची वडी तोंडात टाकताच अक्षरशः फुटतो. दुसऱ्या दिवशी आमची शल्यचिकित्सेची चाचणी होती. पोट फुटण्याची कारणे लिहिताना मला हसू आवरेना.

तो गृहस्थ म्हणजे टेरी जोन्स. चित्रपट होता 'द मीनिंग ऑफ लाइफ'. १९८३ सालच्या या चित्रपटाचा दिग्दर्शकही तोच, आणि कान महोत्सवात त्याला परीक्षकांचे विशेष पारितोषिक मिळाले होते. ही सारी मंडळी 'मॉन्टी पायथन' या नावाने ओळखली जात. त्यांच्यातला ग्रॅहम चॅपमन हा रीतसर वैद्यकी शिकलेला डॉक्टर होता. रुग्ण सोडून त्याने विनोद हाती धरला, हे कळल्यावर तर आमच्या खोलीत त्यांच्याविषयी विशेष आपुलकी निर्माण झाली.

वाचकांपैकी अनेकांनी मुंबई दूरदर्शनवरचा 'गजरा' पाहिला असेल, आणि घरातली तरुण मंडळी आज 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' पाहतात. छोटी छोटी प्रहसने एकामागून एक सादर करण्याचा हा प्रकार. ब्रिटनमध्ये त्याला वेगळे वळण देणाऱ्यांत टेरी जोन्स अग्रभागी होता.

शब्दांवर जगलेला माणूस

जोन्सचा जन्म १ फेब्रुवारी १९४२ चा, वेल्समधील कॉल्विन बे या समुद्रकाठच्या गावचा. वडील ब्रिटिश हवाई दलात होते आणि त्या युद्धकाळात त्यांची नेमणूक हिंदुस्थानात झाली होती. मुलगा साडेचार वर्षांचा असताना कुटुंब लंडनजवळच्या सरे परगण्यात राहायला गेले. पुढे ऑक्सफर्डला तो इंग्रजी साहित्य शिकला. तेथेच त्याला मायकेल पॅलिन भेटला. विद्यार्थ्यांच्या विनोदी प्रयोगांतून दोघांची जोडी जमली, ती जन्मभर टिकली. दोघांनी मिळून दूरचित्रवाणीसाठी इतरांच्या कार्यक्रमांचे लेखन केले, मुलांच्या एका विनोदी मालिकेत कामे केली, आणि ५ ऑक्टोबर १९६९ रोजी बीबीसीवर 'मॉन्टी पायथन्स फ्लाइंग सर्कस' सुरू झाली. जोन्स, पॅलिन, चॅपमन, जॉन क्लीज, एरिक आयडल आणि चित्रे हलती करणारा टेरी गिल्यम असे सहा जण. १९७४ पर्यंत तिचे ४५ भाग झाले.

या मालिकेचे वैशिष्ट्य असे, की प्रहसनाच्या शेवटी टाळीचे वाक्य आलेच पाहिजे हा नियम या मंडळींनी झुगारून दिला. एक प्रसंग मध्येच सोडून दुसऱ्यात घुसायचे, मधल्या सांध्यावर गिल्यमची विचित्र चित्रे धावायची, आणि भाग असा सलग वाहत राहायचा. या वाहतेपणाचा आग्रह सर्वांत जास्त जोन्सचा होता. त्यासाठी तो संकलकाच्या शेजारी ठाण मांडून बसे आणि क्लीजशी तावातावाने भांडे. पडद्यावर मात्र त्याच्या वाट्याला बहुधा कर्कश आवाजाच्या प्रौढ बायका येत. साडी नेसून स्त्रीभूमिका करणारे नट आपल्याला नवे नाहीत. तोही झगा घालून, डोक्याला रुमाल बांधून असा बेमालूम चिरकत असे, की ती बाई आपल्याच वाड्यात राहते असे वाटावे.

त्यातली एक बाई तर आपल्या सर्वांच्या खिशात आहे. आपल्या मोबाइलवर नको असलेले फोन आणि संदेश येतात, त्यांपुढे 'स्पॅम' असे लिहिलेले असते. स्पॅम हे मुळात डबाबंद मांसाच्या एका प्रकाराचे नाव. जोन्स आणि पॅलिन यांनी लिहिलेल्या १९७० च्या एका प्रहसनात जोन्स उपाहारगृहातील वाढपीण झाला आहे. गिऱ्हाइकाने काय काय आहे असे विचारताच ती यादी म्हणू लागते आणि प्रत्येक पदार्थात स्पॅम असतेच. नको म्हटले तरी असतेच. नको असताना पुन्हा पुन्हा माथी मारली जाणारी गोष्ट म्हणजे स्पॅम, हा अर्थ संगणकवाल्यांनी तेथून उचलला. नातवंडे महाविद्यालयात 'पायथन' नावाची संगणकाची भाषा शिकतात, तिचे नावही सापावरून आलेले नाही. ते या मंडळींवरून ठेवलेले आहे.

पुढे चित्रपट आले. १९७५ चा 'होली ग्रेल' जोन्सने गिल्यमच्या जोडीने दिग्दर्शित केला. घोड्यांसाठी पैसे नव्हते, म्हणून राजा आर्थर पायीच उड्या मारीत चालतो आणि मागून त्याचा सेवक नारळाच्या करवंट्या आपटून टापांचा आवाज काढतो. १९७९ चा 'लाइफ ऑफ ब्रायन' एकट्या जोन्सने दिग्दर्शित केला आणि त्यात नायकाच्या खाष्ट आईची भूमिकाही केली.

हा माणूस केवळ नट नव्हता, हे मला फार उशिरा कळले. मध्ययुगीन इतिहासाचा तो गाढा अभ्यासक होता. चौदाव्या शतकातील चॉसर या इंग्रजी कवीने रंगवलेला सरदार हा आदर्श वीर नसून भाडोत्री लढवय्या होता, असा मुद्दा मांडणारे पुस्तक त्याने १९८० साली लिहिले. मुलांसाठी परीकथा लिहिल्या. इराक युद्धाच्या काळात त्याने वृत्तपत्रांतून टीकालेख लिहिले. 'दहशतवादाविरुद्ध युद्ध' या घोषणेवरील त्याचा आक्षेप व्याकरणापासून सुरू होई: अमूर्त नामाशी युद्ध करायचे तरी कसे? व्याकरणाची चूक ज्याला खुपते, असा हा माणूस. त्याची सारी कमाई शब्दांची होती.

लंडनमधील दहा प्रयोग

जुलै २०१४ मध्ये उरलेले पाच पायथन लंडनच्या ओटू या प्रचंड सभागृहात पुन्हा एकत्र आले. चॅपमन १९८९ सालीच कर्करोगाने गेला होता. दहा प्रयोग झाले. जोन्स तेव्हा ७२ वर्षांचा होता. संवाद पाठ करण्यात पूर्वी कधी न अडणारा हा नट या वेळी अडू लागला. त्याला समोरच्या पडद्यावर संवाद दाखवावे लागले. पाहणाऱ्याला यात वावगे काय दिसणार? बहात्तराव्या वर्षी नट संवाद विसरतो, यात नवल ते काय? मीही काकूंना नेमके हेच सांगितले होते.

२०१५ साली जोन्सचे निदान झाले. सप्टेंबर २०१६ मध्ये ते जाहीर करण्यात आले आणि त्याला यापुढे मुलाखती देता येणार नाहीत, असेही त्यात म्हटले होते. रात्री दवाखाना बंद करून मी वर्तमानपत्र चाळत होतो. ओळखीचे नाव दिसले म्हणून थांबलो. आजाराचे नाव होते 'प्रायमरी प्रोग्रेसिव्ह अफेझिया'. मराठीत त्याला क्रमशः वाढत जाणारा वाचाघात म्हणता येईल.

बातमी वाचताना हॉटेलात जेवणारा तो अवाढव्य गृहस्थ क्षणभर डोळ्यांपुढे आला. मागोमाग आले काका: 'ते... ते पाण्याचं.'

त्या रात्री झोप आली नाही. दुसऱ्याच दिवशी काका-काकूंना बोलावून घेतले. काकांसमोर घड्याळ धरले आणि विचारले, हे काय? ते म्हणाले, "ते... वेळ बघायचं." पेन दाखवले. त्यांनी हवेत लिहून दाखवले. किल्ली दाखवली; मनगट फिरवले. वस्तू कशासाठी आहे हे त्यांना स्वच्छ कळत होते, तिचे नाव तेवढे येत नव्हते. आज वार कोणता, ते दिनदर्शिकेवर बोट ठेवून बरोबर दाखवले. सकाळी काय खाल्ले, दवाखान्यात कोणत्या रस्त्याने आलात, सारे खुणांनी अचूक सांगितले. स्मृती जागेवर होती. घटना त्यांना आठवत होत्या. नाहीशी होत होती ती भाषा. दीड वर्ष हे माझ्या समोरच्या खुर्चीत बसून होते आणि मी त्याला म्हातारपण म्हणत होतो.

हा आजार नेमका काय आहे?

बहुतेक माणसांत भाषेचे काम मेंदूच्या डाव्या बाजूकडे असते. तेथील पुढच्या व कानाजवळच्या भागातील पेशी हळूहळू झिजू लागल्या, की प्रथम बोलण्यावर परिणाम होतो. कोणाला शब्द सापडत नाहीत, कोणाची वाक्ये तुटक होतात, तर कोणाला ऐकलेल्या शब्दाचा अर्थच लागेनासा होतो. पॅरिसचे ब्रोका यांनी १८६१ साली मेंदूतील वाचेचे केंद्र दाखवून दिले, ते वाचा गमावलेल्या रुग्णांच्या अभ्यासातून. वाचा अशी क्रमाक्रमाने एकटीच जाऊ शकते, याकडे १९८२ साली मेसुलॅम या मेंदूतज्ज्ञांनी वैद्यकविश्वाचे लक्ष वेधले. जोन्सला झालेला हा आजार 'फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया' या गटातला. पुढे २०२३ साली ब्रूस विलिस या चित्रपट अभिनेत्याच्या कुटुंबीयांनीही याच गटातील आजाराचे निदान जाहीर केले, तेव्हा हे नाव अनेकांच्या कानावर गेले असेल.

अल्झायमरमध्ये बहुधा आठवण आधी जाते. या आजारात सुरुवातीचा बराच काळ आठवण, दिशेचे भान आणि रोजचे व्यवहार शाबूत राहतात. म्हणूनच घरच्यांचा आणि डॉक्टरांचाही घोटाळा होतो. गप्प बसणारा माणूस रुसलेला वाटतो, बहिरा वाटतो, गर्विष्ठ वाटतो. साठीच्या आसपास, कधी त्याआधीही, तो सुरू होतो, त्यामुळे कोणाला संशयही येत नाही.

येथे एक इशारा आवश्यक आहे. बोलणे अचानक, काही मिनिटांत किंवा तासांत गेले, तोंड वाकडे झाले किंवा हात लुळा पडला, तर तो पक्षाघात समजावा आणि क्षणाचाही विलंब न लावता मोठ्या रुग्णालयात जावे. रक्ताची गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येते. मी येथे सांगतो आहे तो आजार महिन्यामहिन्यांनी वाढणारा आहे.

काकांना मी पुण्याच्या मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवले. श्रवणशक्ती, थायरॉइड, जीवनसत्त्वे यांची तपासणी झाली, एम.आर.आय. झाला, आणि निदान पक्के झाले. मी सुरू केलेल्या गोळीची त्यांना गरज नव्हती, ती बंद झाली. आजार थांबवणारे औषध नव्हते आणि आजही नाही. अल्झायमरसाठी दिली जाणारी औषधे या गटात सहसा उपयोगी पडत नाहीत, क्वचित चिडचिड वाढवतात.

मग लवकर निदान होऊन उपयोग काय, असे मुलाने विचारले. प्रश्न रास्त होता. मी त्याला म्हणालो, "उपयोग तुमच्या आईला आहे, आणि वडिलांनाही. ते मुद्दाम करत नाहीत, हे आता तुम्हाला ठाऊक आहे." काकू मान खाली घालून बसल्या होत्या. म्हणाल्या, "दीड वर्ष मी यांच्यावर ओरडत होते हो." त्या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. ओरडण्याचे कारण मीच त्यांना दिले होते.

घराने शिकलेली नवी भाषा

पुढची चार-साडेचार वर्षे काकूंनी जे केले, ते मी कोणत्याही पाठ्यपुस्तकात वाचले नव्हते. वाचा-उपचारतज्ज्ञांनी दिशा दाखवली, चाल काकूंची होती.

काकांशी बोलताना त्या दूरदर्शन संच बंद करू लागल्या. समोर बसायचे, एका वेळी एकच माणूस बोलेल, वाक्य लहान असेल. 'काय हवंय?' असे न विचारता 'चहा हवा का?' असे विचारायचे, म्हणजे मानेने उत्तर देता येते. विचारल्यावर थांबायचे. हे थांबणे सर्वांत कठीण. आपण दोन क्षणांत अधीर होतो आणि त्याचे वाक्य आपणच पुरे करतो. काकू मनात दहा अंक मोजत. चुकीचा शब्द आला तरी अर्थ कळला असेल, तर तो दुरुस्त करायचा नाही, हेही त्यांनी ठरवून टाकले.

मुलाने मोबाइलवर घरातल्या वस्तूंची छायाचित्रे काढून एक वही तयार केली. तांब्या, चहा, गोळी, संडास, चष्मा, नातू. शेवटच्या पानावर लाल एस.टी. होती. त्या पानावर बोट आले, की काकांना बाहेर फिरायला जायचे आहे असे समजायचे. फोनऐवजी मुलगा रविवारी व्हिडिओ कॉल करू लागला. चेहरा दिसला की काका उठून जात नसत.

एक काम मी आग्रहाने लवकर करून घेतले. काकांना कळते आहे आणि सही करता येते आहे, तोवर निवृत्तिवेतनाचे खाते संयुक्त करणे, मृत्युपत्र, आणि पुढे आजार वाढला तर कोणते उपचार हवेत व कोणते नकोत, हे त्यांनाच विचारून ठरवले. ही विचारणा क्रूर वाटते. माणसाचे मत जाणून घेण्याची वेळ टळून गेल्यावर आपण त्याच्यावर स्वतःचे मत लादतो, ते अधिक क्रूर आहे.

आणि काकूंना आठवड्यातून एक दुपार मोकळी हवी, हे मी औषधाच्या चिठ्ठीवर लिहून दिले. पुतणी येऊन बसे आणि काकू भजनाला जात. पहिल्या महिन्यात त्यांना अपराधी वाटले, नंतर वाटेनासे झाले. शुश्रूषा करणारा मोडला, की दोन रुग्ण होतात.

आपल्याच विनोदाला हसणे

जोन्सच्या बातम्या मी तेव्हा शोधून वाचत असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये वेल्समध्ये बाफ्टा या संस्थेने त्याला विशेष पुरस्कार दिला. तो पॅलिनच्या हस्ते देण्यात आला आणि जोन्सच्या वतीने त्याचा मुलगा बोलला. ज्याने आयुष्यभर इतरांच्या तोंडी शब्द घातले, त्याच्या तोंडचे शब्द दुसऱ्याला बोलावे लागले. कुटुंबाने त्याला लपवले नाही, याचे मला फार अप्रूप वाटले. आपल्याकडे अशा माणसाला समारंभातून हळूच वगळले जाते.

पॅलिन त्याला अखेरपर्यंत भेटत राहिला. त्याने सांगितलेला एक प्रसंग मी त्यानंतर अनेक कुटुंबांना सांगितला आहे. दोघांनी पूर्वी 'डॉक्टर फेग' नावाच्या पात्राचे एक विनोदी पुस्तक मिळून लिहिले होते. पॅलिनने ते नेले आणि त्यातले काही उतारे जोन्सला वाचून दाखवले. जोन्स हसला. पण तो हसला फक्त स्वतः लिहिलेल्या भागांना!

मी हा प्रसंग काकूंना सांगितला. शेजारी त्यांचा नातू बसला होता, पुण्याहून सुट्टीला आलेला, दहा-अकरा वर्षांचा. त्याने काय ऐकले आणि काय घेतले कोण जाणे. चार दिवसांनी मी रक्तदाब पाहायला त्यांच्या घरी गेलो, तेव्हा हा पोरगा लाटणे तोंडासमोर धरून उभा होता आणि आजोबांच्या ठेक्यात म्हणत होता, "फलाट क्रमांक दोनवर उभी असलेली वाई–महाबळेश्वर, मार्गे सुरूर..."

सुरूर पुण्याच्या रस्त्यावर आहे. महाबळेश्वरच्या नेमके उलट दिशेला.

काकांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. मान जोरजोरात हलवली. आणि मग ते हसू लागले, खांदे गदगदा हलेपर्यंत हसले. नातवाने पुन्हा म्हटले, "मार्गे सुरूर." काकांच्या तोंडून, कित्येक महिन्यांनी, स्पष्ट शब्द आले: "पाचगणी... मार्गे पाचगणी!"

यात चमत्कार काही नाही. वर्षानुवर्षे घोकलेल्या गोष्टी, आकड्यांची ओळ, आरती, पाढे, गाणी, या आजारातही बराच काळ टिकून राहतात, कारण त्यांची वाट मेंदूत खोल पडलेली असते. आजार त्या दिवशी तसूभरही मागे हटला नाही. पण खोलीत बसलेल्या आम्हा सर्वांना एक गोष्ट कळली: आतला वाहतूक नियंत्रक अजून कामावर होता. चुकीचा मार्ग ऐकला, की त्याला हसूही येत होते आणि रागही. तो खेळ पुढे दोन वर्षे रोज संध्याकाळी चालला. शब्द पूर्ण गेल्यावरही नातवाने 'मार्गे सुरूर' म्हटले की काका खुर्चीवर थाप मारीत.

टेरी जोन्स २१ जानेवारी २०२० रोजी लंडनमध्ये वारला. तो ७७ वर्षांचा होता. काका २०२१ च्या पावसाळ्यात गेले. शेवटच्या वर्षी त्यांना गिळताना ठसका लागू लागला होता. बसवून, दाट आणि मऊ अन्न, लहान घासांनी भरवण्याची काळजी काकूंनी घेतली. तरी अखेर न्यूमोनियाने गाठले. ठरल्याप्रमाणे त्यांना अतिदक्षता विभागात नेले नाही. ते घरीच गेले.

माझ्या टेबलाच्या खणात आता एक किल्ली, एक कंगवा आणि एक चमचा ठेवलेला असतो. साठीच्या पुढचे कोणी 'शब्द आठवत नाहीत' असे म्हणाले, की वयोमान हा शब्द उच्चारण्यापूर्वी मी त्या तीन वस्तू बाहेर काढतो. दोन मिनिटे लागतात. बहुतेकांना नावे येतात आणि ते हसत घरी जातात. ज्यांना येत नाहीत, त्यांचे दीड वर्ष वाया जात नाही.

वाचकहो, आपल्या घरात कोणी हळूहळू गप्प होत असेल, तर त्याला बोलण्याचा आग्रह करण्यापूर्वी एकदा पाहा: तो बोलत नाही, की त्याला शब्द सापडत नाहीत? दुसरे असेल, तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा, आणि डॉक्टर 'वयोमान' म्हणाले तर पुन्हा एकदा सांगा. आणि त्या माणसाने आयुष्यभर जे काम केले, त्यातली एखादी चूक मुद्दाम त्याच्यासमोर करून पाहा. कदाचित तो हसेल.